डॉ. पॉल टूर्निये : ऐकून घेणारा वैद्य

देवाच्या सेवकांचे स्मरण करताना आपण त्यांची कामे मोजतो आणि माणूस मात्र विसरतो. स्वित्झर्लंडचे ख्रिस्ती डॉक्टर पॉल टूर्निये यांचे ग्रंथ अनेक भाषांत गेले. पण आज आम्ही त्यांच्यातील माणसाविषयी लिहीत आहोत.

त्यांचा जन्म १२ मे १८९८ रोजी जिनिव्हा येथे झाला. वडील उतारवयाचे पाळक होते. बाळ काही महिन्यांचे असतानाच ते प्रभूकडे गेले. पॉल सहा वर्षांचे असताना आईही गेली. नातलगांनी सांभाळ केला, अन्नवस्त्र मिळाले. पण मुलगा अबोल झाला. आपण कोणाच्या खिजगणतीत नाही, असे त्याला वाटे.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास ग्रीक भाषेचे शिक्षक द्युब्वा यांनी त्याला आपल्या घरी बोलावले. तेथे उपदेश झाला नाही. कोणीतरी आपल्याशी बरोबरीने बोलत आहे, एवढेच त्या मुलाला जाणवले. तेवढ्याने त्याची जीभ मोकळी झाली.

पुढे ते डॉक्टर झाले. १९२४ साली नेली यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण घरातही ते शिकवीत, समजावीत. मन मात्र उघडीत नसत. १९३२ साली ऑक्सफर्ड ग्रुपच्या मंडळींच्या सहवासात ते देवासमोर शांत बसण्यास शिकले. पतीपत्नी अशी एकत्र बसू लागली, तेव्हा नेलीबाईंनी धीर करून सांगितले की, तुम्ही माझे गुरू, वैद्य, पाळकसुद्धा आहात, पण पती झाला नाहीत. हा बोल त्यांनी लपवला नाही. स्वतःच जगाला सांगितला.

१९३७ पासून ते रोग्याच्या दुखण्याबरोबर त्याचे जीवनही ऐकून घेऊ लागले. १९४० साली पहिला ग्रंथ निघाला. त्याचे हस्तलिखित त्यांनी आपल्या वृद्ध शिक्षकांना वाचून दाखविले. वाचन संपल्यावर शिक्षकांनीच प्रार्थना करू या म्हटले. आपण विश्वासी केव्हा झालात, असे विचारता, आत्ताच, असे उत्तर आले. एकाने दार उघडले होते. दुसऱ्याने त्याच दाराने प्रभूला आत नेले.

१९७४ साली नेलीबाई वारल्या. पुढे दुःखाविषयी लिहिताना त्यांनी आपले पोरकेपण आणि हा वियोग दोन्ही उघडपणे मांडले. दुःख आपोआप कोणाला घडवीत नाही, त्या वेळी प्रीतीने जवळ येणारे कोणी लागते, हे त्यांनी जीवनातून ओळखले होते. ७ ऑक्टोबर १९८६ रोजी त्यांनी देह ठेवला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात मागच्या बाकावर एखादे अबोल लेकरू बसलेले असेल. त्याला सुवर्णवचन पाठ आले की नाही, हे आपण दर रविवारी विचारतो. या रविवारी त्याला घरी चहाला बोलवा, आणि त्याचे ऐका. प्रभू आपणांस तेवढी सवड व तेवढी प्रीती देवो.