विश्लेषण : फाळके यांनी कॅमेरा लंडनहून आणला, मग उजेड कुठून आणला?

लालबाग-परळच्या मंडपांत फोटोग्राफर आता वायरलेस फ्लॅश सर्रास वापरतात. कॅमेऱ्यावरचा ट्रिगर दाबला की कोपऱ्यातले दोन-तीन दिवे एकदम चमकतात. चार पैसे जमले की कॅमेरा बदलायचा की दिवे वाढवायचे, हा त्यांचा नेहमीचा पेच. शंभरावर वर्षांपूर्वी जवळच दादरला धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके याच पेचात होते. फरक इतकाच, की त्यांच्याकडे जमलेले पैसे नव्हते आणि पणाला संसार लागला होता.

फाळके आधी कोण होते?

छायाचित्रकार. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्म, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेले, स्टुडिओही सुटला. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग दादरला छपाईचा कारखाना. रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

याच सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि चित्रपटाचा ध्यास घेतला. रोज चित्रपट पाहणे, रात्र रात्र प्रयोग करणे याचा ताण डोळ्यांवर आला. काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, तरी ध्यास सुटला नाही.

पैसे नेमके कशावर खर्च केले?

विमा पॉलिसी गहाण ठेवून १० हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले. ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांचीही ऑर्डर दिली. १ एप्रिलला ते परतले.

ही यादी नीट पाहिली तर फाळके यांचा हिशेब कळतो. जे इथे बनवता येत नव्हते, तेवढेच विकत घेतले. दिवे त्यात नव्हते. खरे तर मुंबईत वीज आली होती, १९०७ पासून विजेच्या ट्रामही धावत होत्या. युरोपातल्या स्टुडिओंत आर्क दिवे येऊ लागले होते. पण कर्जाच्या पैशात ते बसवणे त्यांना परवडणारे नव्हते.

मग फ्लॅश का नाही?

मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर त्या काळी होती. ती एकदा भपकन पेटते, धूर करते आणि विझते. स्थिर छायाचित्राला तेवढे पुरते. मूकपटाच्या कॅमेऱ्यात मात्र हँडल फिरवून सेकंदाला साधारण १६ चौकटी टिपायच्या असतात, मिनिटाला जवळपास हजार. तिथे क्षणाचा लखलखाट कामाचा नाही. अखंड उजेड हवा, आणि त्या वेळच्या मंद फिल्मला तो भरपूर लागे. फुकटात असा एकच दिवा होता, सूर्य.

त्यामुळे दादर मेन रोडवरच्या मथुरादास यांच्या बंगल्याच्या आवारात फाळके यांनी काचेची खोली उभारली. ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या राजवाड्यालाही उन्हाचाच उजेड मिळाला. चित्रीकरण चालू असताना पत्नी सरस्वतीबाई तासन् तास पांढरी चादर धरून उभ्या राहत. चादरीवरून परतणारे मऊ ऊन नटांच्या चेहऱ्यावरच्या सावल्या उजळायचे. आज हेच काम रिफ्लेक्टर करतो.

रात्री दुसरी पाळी. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची आणि अंधारात ती भोके पाडायची. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा. फुटाला १६ चौकटी आणि चौकटीला दोन्ही कडा मिळून ८ भोके धरली, तर एका प्रतीतच पावणेपाच लाखांच्या आसपास भोके होतात. शिवाय साऱ्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. भांडवल कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांनीच काढून दिले. त्यांना नुसते साथ देणारी पत्नी म्हणणे फारच अपुरे आहे. युनिटचा प्रकाश विभाग आणि निम्मी प्रयोगशाळा त्याच होत्या.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. ‘लंका दहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ हे चित्रपट त्यानंतरचे.

पुढे काय बदलले?

दिवे आले, पण ते दुसऱ्यांकडे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांनी ‘सिंहगड’मध्ये (१९२३) रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. खरा घाव घातला आवाजाने. ‘आलम आरा’चे चित्रीकरण केनेडी ब्रिजजवळच्या स्टुडिओत बरेचसे मध्यरात्रीनंतर झाले, कारण शेजारून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेव्हाच थांबायचा. रात्री काम म्हणजे विजेचे दिवे आलेच. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये तो झळकला आणि घरच्या आवारात उन्हावर चित्रपट काढण्याचे दिवस संपले.

फाळके यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला. आवाज मागाहून जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, दुसऱ्याच्या स्टुडिओत. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. दादर पूर्वेचा तो मेन रोड आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.