मंथरेचा डावा डोळा

नांदुऱ्याला महामार्गालगत १०५ फुटी हनुमंत उभा आहे. जाणारा-येणारा क्षणभर थांबून हात जोडतो. मंथरेला मात्र कोणी हात जोडत नाही! १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ती दिसली, की घरोघरीच्या आजीबाई कडाकडा बोटे मोडीत. तिचा तो बारीक डावा डोळा म्हणजे अभिनयच, असे पुष्कळांना वाटे. पण ती होती ४५ वर्षांपूर्वीच्या एका थपडेची खूण.

ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६, माहेरचे नाव अंबा. मूकपटांच्या जमान्यात, अगदी लहान वयात त्या पडद्यावर आल्या आणि पुढे नायिका झाल्या. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’चे चित्रीकरण चालू होते. प्रसंगानुसार मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जरा जास्तच जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. उपचार वर्षानुवर्षे रेंगाळले.

एका थपडेने एवढे? आपल्याकडे उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटला, की कांदा हुंगवतात, डोक्यावर पाणी थापतात. (खरे तर पुढे वाकवून नाकाची मऊ बाजू दाबून धरावी.) पण डोक्याला जबर मार बसल्यानंतरचा घोळणा निराळा. कवटीच्या तळाशी मेंदूकडे जाणारी मोठी धमनी असते. तिला इजा झाली तर तिथे फुगा धरतो आणि मार विसरला गेल्यावर, कधी कधी काही आठवड्यांनी, नाकातून भळाभळा रक्त येते. जोडीला एका डोळ्याची दृष्टी गेली, तर डॉक्टर धमनीचाच संशय घेतात. आता बारीक नळी घालून ती जागा आतून बुजवता येते; १९४२ साली ही सोय नव्हती. बाईंच्या बाबतीत प्रकरण तिथवर गेले नाही, एवढेच.

नायिकेचा चेहरा गेला. वय अवघे सव्वीस. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या, मग ‘दहेज’पासून खाष्ट सासू. लोकांनी शिव्या मोजल्या. मी मात्र ‘अनाडी’तल्या मिसेस डिसाला पहिला मान देईन. वरून फणकारा, आतून माया, आणि तोच डोळा! या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही मंथरा त्याच होत्या.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.