मृत्यू मोजणारी परिचारिका

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले, की हाती दिवा घेऊन सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी परिचारिका आठवते. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. रुग्णांच्या सुरक्षिततेसाठी मात्र त्यांची नोंदवही दिव्याइतकीच मोलाची ठरली.

क्रिमियन युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुतारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. आहार, कपडे, शुश्रूषा यांत त्यांनी सुधारणा केल्या. तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले. इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने ती साफ करवली, हवा खेळती केली. जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासह आकडे तपासताना कारण स्पष्ट झाले. बहुतेक सैनिक जखमांनी नव्हे, टाळता येण्याजोग्या आजारांनी दगावले होते. स्वतः नाइटिंगेल जिथे राबल्या, ते रुग्णालयही त्याला अपवाद नव्हते. हे झाकून ठेवले असते तर त्यांच्या कीर्तीला धक्का लागला नसता. त्यांनी मात्र ते आलेखात मांडले आणि १८५८ मध्ये अहवाल छापून सत्तेतील मंडळींच्या हाती दिला. पुढे सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, असा आग्रह त्यांनी धरला.

खरी कसोटी नंतर लागली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात नाइटिंगेल निधीतून सुईणींच्या प्रशिक्षणासाठी प्रसूती विभाग चालत होता. तिथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या, तेव्हा १८६७ मध्ये तो बंद झाला. नाइटिंगेल तेवढ्यावर थांबल्या नाहीत. ठिकठिकाणचे आकडे जमवून, घरच्या बाळंतपणापेक्षा रुग्णालयात धोका अधिक असल्याचे त्यांनी १८७१ च्या पुस्तकात दाखवले. दोष एखाद्या सुईणीच्या माथी न मारता त्यांनी गर्दी, जागा आणि व्यवस्था तपासली.

१९१० मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजही चुकीचे औषध दिले गेले किंवा रुग्ण खाटेवरून पडला, तर ते सर्वांत आधी परिचारिकेला कळते. कारवाईच्या धास्तीने ती गप्प बसली, तर तीच चूक दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याला येते. वरिष्ठांनी आपल्याच विभागातील उणिवा आधी उघड मांडल्या, की तिलाही बोलण्याचे बळ मिळते.