नाकाला न कळणारे विष

थंडीच्या दिवसांत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत एक बातमी अधूनमधून येते. न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असतो, खिडकी लावून घेतलेली असते आणि आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेरच येत नाही. दार फोडून पाहावे तर देहावर जखम नसते, खोलीत धूर नसतो, वासही नसतो. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही, चव नाही. हा वायू माणसाला नेमका कसा मारतो आणि त्याची चाहूल आधी कशी घेता येईल, हे ज्यांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून दाखविले ते जॉन स्कॉट हॉल्डेन होत. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्यास आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यामुळे पुत्राचे नाव आपल्याकडे परिचित आहे. पित्याचे त्या मानाने नाही.

जॉन हॉल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. घराणे सधन आणि विद्याव्यासंगी. थोरले बंधू रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री व लॉर्ड चॅन्सेलर झाले. जॉन यांनी १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली, पण दवाखाना न थाटता ते डंडी येथे गेले. बंगालच्या तागावर जगणारे हे गिरण्यांचे शहर. रसायनशास्त्रज्ञ कार्नेली यांच्यासमवेत हॉल्डेन तेथील मजुरांच्या एकखोली घरांत मध्यरात्रीनंतर, पूर्वसूचना न देता जात आणि झोपलेल्या कुटुंबांच्या उशाशी असलेली हवा बाटल्यांत भरून आणीत. दिवसा, दारे उघडी असताना घेतलेल्या नमुन्याने काही सिद्ध होणार नव्हते. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हा कोंदटपणाचा मापदंड ठरविला होता. डंडीत त्याच्या जोडीला हवेतील सेंद्रिय द्रव्ये व जिवाणूही मोजले गेले. जितक्या खोल्या कमी तितकी हवा वाईट आणि मृत्युमान अधिक, असा निष्कर्ष १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. यात हवेचा दोष किती आणि दारिद्र्याचा किती, हे वेगळे करणे कठीणच होते. पण नगरपालिकांना खोल्यांतील हवेकडे डोळेझाक करणे यानंतर सोपे राहिले नाही.

याच सुमारास त्यांनी गटारांतील हवाही तपासली. पार्लमेंटच्या इमारतीखालील गटारही त्यातून सुटले नाही. दुर्गंध म्हणजे रोग, ही त्या काळची दृढ समजूत. प्रत्यक्षात गटारातील हवेत बाहेरच्या हवेपेक्षा जिवाणू कमी निघाले. नंतर उच्छ्वासात एक सेंद्रिय विष असते, असा दावा पॅरिसहून झाला, तेव्हा हॉल्डेन व लॉरेन स्मिथ ऑक्सफर्ड येथे एका बंद पेटीत तासन्‌तास बसून राहिले. धाप लागली, डोके दुखले; पण साचलेला कार्बन डायऑक्साइड आणि अखेरीस कमी झालेला ऑक्सिजन यांपलीकडे कोणतेही विष आढळले नाही. नाकाचा निवाडा दोन्ही बाजूंनी चुकतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्याची भीषण प्रचीती १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसाखाणीत आली.

२७ जानेवारीच्या त्या स्फोटात ५७ कामगार मृत्युमुखी पडले. स्फोटाच्या धक्क्याने ते गेले, असे सर्वांनीच गृहीत धरले असते. हॉल्डेन यांनी प्रेते तपासली आणि रक्ताची परीक्षा केली. अनेकांची त्वचा जिवंत माणसासारखी, किंबहुना त्याहूनही गुलाबी होती. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. तसे रक्त लालभडक दिसते, पण प्राणवायू वाहून नेण्यास निकामी होते. बहुतेकांना स्फोटाने नव्हे, तर नंतर खाणीत पसरलेल्या या वायूने मारले होते. म्हणजे स्फोट झाला तेव्हा ही माणसे जिवंत होती. वेळीच शुद्ध हवा मिळाली असती, तर त्यांतील काही वाचलीही असती.

हा निष्कर्ष त्यांना काढता आला, कारण आदल्याच वर्षी त्यांनी स्वतः हा वायू हुंगून पाहिला होता. रक्ताचे थेंब घ्यावयाचे, लक्षणे टिपावयाची आणि पाय लटपटू लागेपर्यंत थांबावयाचे नाही. त्यांच्या रक्ताचा जवळजवळ अर्धा भाग निकामी झाला होता. यात धैर्य होते, तशी बेफिकिरीही होती. आपल्या अल्पवयीन मुलाला त्यांनी खाणीतील वायूत उभे केले, हे आज कोणाला मान्य होणार नाही. मात्र त्या प्रयोगांतून एक साधा उपाय हाती आला. लहान प्राण्याचा श्वास व चयापचय जलद, म्हणून उंदीर किंवा पक्षी माणसाच्या किती तरी आधी कोसळतो. खाणीत उतरणाऱ्या बचाव पथकाने त्याला सोबत न्यावे, ही सूचना हॉल्डेन यांची.

पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेची आणि कारखान्यांची हवा त्यांनी तपासली. १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी क्लोरीन सोडला, तेव्हा तो ओळखण्यासाठी सरकारने त्यांनाच पाठविले. दैवदुर्विलास असा की, त्याच वर्षी बंधू रिचर्ड यांना जर्मनधार्जिणे ठरवून मंत्रिमंडळाबाहेर घालविण्यात आले. धाकटा भाऊ त्या वेळी वायुरोधक मुखवट्यांच्या चाचण्यांसाठी क्लोरीन फुप्फुसात घेत होता.

त्यांच्या पिढीने वापरलेला कार्बन डायऑक्साइडचा मापदंड खोलीत वारा खेळतो की नाही, एवढेच सांगतो. प्लायवूड व भुश्शाच्या फळ्यांतील गोंदातून निघणारे फॉर्मल्डिहाइड त्याला दिसत नाही. हे द्रव्य मानवात कर्करोग निर्माण करते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. नव्या कपाटाचा वास काही दिवसांनी येईनासा होतो. वाफ मात्र महिनोन्‌महिने निघत राहते. रसायन भरलेल्या नळीतून खोलीची हवा ओढून ती प्रयोगशाळेत तपासल्यावाचून प्रमाण कळत नाही. खिडक्या बंद, नित्याची परिस्थिती, अशा वेळी नमुना घ्यावयाचा, ही डंडीतील रीत तेथेही उपयोगी पडते.

वयाच्या पंचाहत्तरीत हॉल्डेन इराणमधील तेलक्षेत्रांत उष्माघाताच्या चौकशीसाठी गेले. परतल्यावर न्यूमोनिया होऊन मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी पक्षी निवृत्त करण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला आणि त्यांच्या जागी विद्युत् उपकरणे आली. बचाव पथके वापरीत त्या काही पिंजऱ्यांच्या माथ्यावर ऑक्सिजनची एक छोटी नळकांडी बसविलेली असे. पक्षी कोसळला की पिंजऱ्याचे दार लावून ती उघडली जाई आणि तो पुन्हा शुद्धीवर येई.