कायदेमंडळांतील डॉक्टरीणबाई

कायदेमंडळांत जाऊन स्त्रिया करणार काय, हा प्रश्न जेथें जेथें स्त्रियांच्या राजकीय हक्कांची गोष्ट निघाली तेथें तेथें विचारला गेला आहे. विचारणारे बहुधा उत्तराची वाट पाहात नाहींत. प्रश्न टाकणें हेंच त्यांच्या मतें उत्तर असतें. आमच्या मतें हा प्रश्न वादाचा नसून हिशेबाचा आहे, आणि हिशेबाचा प्रश्न वह्या उघडून सोडवावा हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. म्हणून आज आम्ही एक जुनी वही उघडीत आहों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कोणत्याही संस्थानाच्या सिनेटांत, म्हणजे वरिष्ठ कायदेमंडळांत, निवडून गेलेली पहिली स्त्री डॉ. मार्था ह्यूज कॅनन ही होय. तिच्या खात्यावर जमा काय व नांवें काय, हें आपण पाहूं.

मार्थाबाईंचा जन्म १ जुलै १८५७ रोजीं वेल्समधील लँडुड्नो येथें झाला. आईबापांनीं मॉर्मन पंथ स्वीकारला होता, म्हणून हें कुटुंब आपल्या पंथबांधवांमागोमाग अमेरिकेंत गेलें. १८६१ सालीं ओसाड मैदानें ओलांडून युटा प्रांताकडे जातांना वाटेंत त्यांची धाकटी बहीण वारली, आणि सॉल्ट लेक शहरीं पोहोंचल्यावर थोडक्याच दिवसांत बापही गेला. आईनें पुनर्विवाह केला. सावत्र बाप म्हटला कीं आपल्या मनांत जी मूर्ति उभी राहते तिच्याहून हा गृहस्थ निराळा होता. मुलीच्या विद्येस उत्तेजन मिळालें तें त्याच्याकडूनच. चौदाव्या वर्षीं मार्थाबाई शाळेंत शिकवूं लागल्या. पुढें एका वृत्तपत्राच्या छापखान्यांत त्यांनीं खिळे जुळविण्याचें काम पत्करलें. डॉक्टर होण्याचा संकल्प त्यांनीं केला होता, व त्यासाठीं लागणारा पैसा त्यांनीं असा खिळ्याला खिळा जोडून सांठविला.

मिशिगन विश्वविद्यालयांत त्या शिकावयास गेल्या तेव्हां भांडीं घांसणें, बिछाने घालणें, इतर विद्यार्थ्यांची टिपणें उतरून देणें असलीं कामें करून त्यांनीं खर्च भागविला. १८८० सालीं त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या. तेवढ्यावर न थांबतां त्या फिलाडेल्फियास गेल्या, व १८८२ सालीं पेन्सिल्व्हानिया विश्वविद्यालयांतून दुसरी पदवी घेऊन त्याच शहरीं वक्तृत्वकलेचाही अभ्यास करून परतल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं ज्या शहरीं वैद्यक शिकावयास गेल्या तें शहर हेंच. एकीच्या मागून एक वर्षानें दुसरी तेथें आली. दोघींची भेट झाली नाहीं; परंतु स्त्रियांच्या देहाचीं दुखणीं स्त्रियांनीं जाणावीं व बरीं करावीं हा हेतु दोघींचा एकच होता. आनंदीबाईंस १८८७ सालीं मृत्यूनें गांठलें. मार्थाबाईंस पुढें पंचेचाळीस वर्षें काम करतां आलें.

सॉल्ट लेक शहरीं परत आल्यावर डेझरेट इस्पितळांत त्या निवासी डॉक्टर झाल्या. १८८४ सालीं त्यांनीं इस्पितळाशीं संबंध असलेले धर्माधिकारी अँगस कॅनन यांच्याशीं विवाह केला. हे गृहस्थ विवाहित होते, व मार्थाबाई त्यांची चौथी बायको. येथें आम्ही गुळमुळीत बोलणार नाहीं. बहुपत्नीकत्वाची चाल ही स्त्रीजातीस कमीपणा आणणारी चाल आहे असें आमचें मत आहे, आणि एवढ्या विदुषीनें ती पत्करली म्हणून तें मत बदलण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तिचें मोल बाईंसच भरावें लागलें. सरकारनें ही चाल गुन्हा ठरविली होती. बाळंतपणें केलेल्या डॉक्टरीणीस साक्षीला ओढलें जाण्याचें भय होतें, आणि पदरचें मूल हाच नवऱ्याविरुद्ध पुरावा होता. तेव्हां १८८६ सालीं तान्ह्या मुलीस घेऊन त्या युरोपांत गेल्या व कांहीं काळ अज्ञातवासांत राहिल्या. परत आल्यावर त्यांनीं परिचारिकांची शाळा काढली.

युटांतील स्त्रियांस १८७० सालींच मताचा हक्क मिळाला होता. तो १८८७ सालीं मध्यवर्ती सरकारनें काढून घेतला. तो परत मिळविण्याच्या चळवळींत मार्थाबाई अग्रभागीं होत्या. जानेवारी १८९६ मध्यें युटा संस्थान झालें आणि त्याच्या घटनेनें स्त्रियांस मताचा व अधिकारपदाचा हक्क दिला. त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं निवडणूक झाली. जिल्ह्यांतून पांच सिनेटर निवडावयाचे होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारांत मार्थाबाई होत्या, आणि रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांत खुद्द त्यांचे यजमान! बाई निवडून आल्या, यजमान पडले. या प्रकाराची वृत्तपत्रांनीं पुष्कळ थट्टा केली. परंतु थट्टा ओसरल्यावर उरलेली गोष्ट अशी कीं, मतदारांनीं अमक्याची बायको म्हणून नव्हे, तर एक स्वतंत्र लोकसेवक म्हणून बाईंस पाठविलें.

आतां जमेची बाजू पाहूं. १८९७ च्या पहिल्या बैठकींत त्यांनीं तीन बिलें आणलीं. पहिलें दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांविषयीं. गिऱ्हाईक नसेल तेव्हां त्यांस बसतां यावें म्हणून मालकानें बैठकीची सोय ठेवावी, एवढीच त्यांतील मागणी होती. दुसरें आंधळ्या, बहिऱ्या व मुक्या मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाविषयीं. अशा मुलास घराच्या कोपऱ्यांत बसवून ठेवण्याची मुभा आईबापांस राहूं नये हा त्याचा मतलब. तिसरें संस्थानाचें आरोग्यमंडळ स्थापण्याविषयीं. तिन्ही बिलांचे कायदे झाले, आणि नव्या आरोग्यमंडळावर बाईंची नेमणूक झाली. १८९९ च्या बैठकींत बहिऱ्यामुक्यांच्या शाळेस इस्पितळ बांधून देण्याचा, व मद्य आणि मादक पदार्थांचे दुष्परिणाम शाळांतून शिकविण्याचा विषय त्यांनीं हातीं घेतला.

या तिन्ही गोष्टी एखाद्या पंडितानें ग्रंथांतून काढलेल्या नाहींत. दिवसभर उभें राहून पाय सुजलेल्या मुली डॉक्टरीणीकडे येतात; कायदेपंडिताकडे येत नाहींत. जें दवाखान्यांत दिसलें तें सभागृहांत मांडलें, ही बाईंची सर्व राजनीति.

नांवें बाजूही लपवूं नये. १८९९ च्या वसंतांत बाईंस तिसरें अपत्य झालें. पंथानें १८९० सालींच बहुपत्नीकत्व सोडल्याचें जाहीर केलें होतें, त्यामुळें गवगवा झाला, नवऱ्यास दंड भरावा लागला, व बाईंची राजकीय कारकीर्द तेथेंच संपली. त्याच सुमारास देवीची सांथ आली आणि शाळकरी मुलांस देवी टोंचण्याची सक्ती आरोग्यमंडळानें केली, तेव्हां १९०१ सालीं गव्हर्नरचा नकार धुडकावून कायदेमंडळानें ती सक्ती रद्द केली. मंडळ स्थापणें सोपें, लोकांचें मन वळविणें कठीण, हा धडा त्यांत आहे. पुढें बाई कॅलिफोर्नियांत जाऊन राहिल्या, तेथेंही रोग्यांची सेवा करीत राहिल्या, व १० जुलै १९३२ रोजीं लॉस एंजल्स येथें वारल्या. डिसेंबर २०२४ मध्यें वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलांत युटा संस्थानाच्या वतीनें त्यांचा पुतळा उभा राहिला.

पुतळ्याहून आमचें लक्ष त्या दुकानांतील बैठकीकडे अधिक जातें. १८९७ सालीं युटांत जी गोष्ट कायद्यांत आली ती आपल्या देशांत केरळानें २०१८ सालीं व तामिळनाडूनें २०२१ सालीं कायद्यांत आणली. केरळांत त्यासाठीं कापडाच्या दुकानांतील स्त्रियांस कित्येक वर्षें झगडावें लागलें. आमच्या दुकानदार वाचकांस आम्ही विचारतों कीं, एका स्टुलाची किंमत ती काय, आणि ती देण्यास कायद्याची वाट कशाला पाहावी? गादीवर स्वतः बसून समोरच्या मुलीस दहा तास उभी ठेवणें यांत व्यापाराचा नफा कोणता, हें आम्हांस तरी कोणत्याही वहींत सांपडलें नाहीं.

२०२३ च्या घटनादुरुस्तीनें लोकसभेंत व विधानसभांत स्त्रियांकरितां एक तृतीयांश जागा राखण्याचें तत्त्व मान्य झालें आहे. स्त्रिया तेथें जाऊन काय करणार, हा प्रश्न पुन्हां निघेल. त्याचें उत्तर आम्हीं वर दिलें आहे. परंतु तोच प्रश्न पुरुष उमेदवारांसही विचारण्याचा परिपाठ मतदारांनीं घालावा. दाराशीं येणाऱ्या प्रत्येकास त्याच्या व्याख्यानांची नव्हे, बिलांची यादी मागावी. ज्याच्या यादींत उभें राहून थकलेल्या एकाही माणसाची बसण्याची सोय नाहीं, त्यानें स्वतःसाठीं खुर्ची मागूं नये.