डॉक्टर न झालेल्या डॉ. कमल रणदिवे



दहावीचा निकाल लागला की पालक शाळेच्या कार्यालयात एकच प्रश्न घेऊन येतात, ए ग्रुप की बी ग्रुप? बी ग्रुप घेतला म्हणजे मुलगी डॉक्टरच झाली पाहिजे, असे बहुतेक घरांत ठरलेले असते. मेडिकलला नंबर लागला नाही की घरात जणू सुतक येते. या अंकासाठी मी डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र निवडले, त्याचे कारण हेच आहे.

कमलताई माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, 8 नोव्हेंबर 1917. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्या वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र शिकल्या आणि 1939 मध्ये त्यांचा विवाह झाला तो गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी. लग्नानंतरही शिक्षण थांबले नाही. 1943 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एमएस्सी झाल्या. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे. खंडेराव मार्केटमध्ये दिवाळीच्या सुमारास आपण जे फळ निवडून घेतो, त्याच कुळातून ही कर्करोगाची संशोधक तयार झाली!

पुढे त्या मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे गुरू लाभले. 1949 मध्ये, म्हणजे आपले महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय सुरू झाले त्याच वर्षी, त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली. नंतर फेलोशिप मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे शिकायला गेल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत 1951 मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतील पेशी वाढवल्या गेल्या. त्या 'हेला' पेशी आजही जगभर वापरात आहेत. त्या बिचारीला मात्र कोणी विचारलेही नव्हते, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

कमलताई तेथे जी विद्या शिकल्या तिला ऊतिसंवर्धन म्हणतात. शरीराबाहेर काढलेली पेशी एरवी लवकरच मरते. तिला काचेच्या भांड्यात, 37 अंश उष्णतेत, पोषक द्रव देऊन जगवायचे व वाढवायचे. एखादा जंतू आत शिरला तर सगळी मेहनत वाया. ही विद्या घेऊन त्या भारतात परतल्या. खानोलकरांनी 1952 मध्ये स्थापन केलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. 1966 ते 1970 या काळात केंद्राचे संचालकपदही त्यांनीच सांभाळले.

त्यांचे खरे सोबती होते उंदीर. उंदरांच्या काही जातींत माद्यांना स्तनांचा कर्करोग हमखास होतो, काही जातींत क्वचितच. असे का, हा त्यांचा प्रश्न. दोष रक्ताच्या नात्यातून येतो, शरीरातील संप्रेरकांमुळे वाढतो, की आईच्या दुधातून पिल्लांकडे जाणाऱ्या विषाणूमुळे? या तिन्हींचा एकमेकांशी संबंध त्यांनी तपासला. स्तनांचा कर्करोग व आनुवंशिकता यांचे नाते मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. माणसाच्या 17व्या गुणसूत्रावर अशा दोषाची जागा मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवली ती 1990 मध्ये.

कमलताईंचे 200 हून अधिक शोधनिबंध आहेत. एखाद्या निबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, यावरून आजकाल शास्त्रज्ञाची योग्यता ठरवतात. अशी मोजदाद करणारी सूची अमेरिकेत 1964 च्या सुमारास सुरू झाली, तोवर त्यांची प्रयोगशाळा कामाला लागलेली होती. माझ्या मते या आकड्यांना मर्यादा आहे. एखाद्याने उभारलेल्या प्रयोगशाळेत किती तरुण तयार झाले, हे त्या सूचीत कुठे दिसते?

कुष्ठरोगाचेही एक काम सांगायला हवे. 1958 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रुग्णाच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढवला. तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हता, त्याच्या नातलगांपैकी निघाला. खरा जंतू तर अजूनही कोणाला प्रयोगशाळेच्या भांड्यात वाढवता आलेला नाही. पण त्या नातलगापासूनच पुढे कुष्ठरोगावरची लस तयार केली गेली.

1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. 1982 मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर घरी बसायचे सोडून त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या (आजचे अहिल्यानगर) अकोले तालुक्यात जाऊ लागल्या. तेथे 'सत्यनिकेतन' संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली आणि गावातल्या बायकांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण दिले. 11 एप्रिल 2001 रोजी त्यांचे निधन झाले. 8 नोव्हेंबर 2021 रोजी गूगलने आपल्या पानावर त्यांचे चित्र लावले होते, सूक्ष्मदर्शकासह.