डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड

दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात कारू नावाचे एक विस्तीर्ण व कोरडे पठार आहे. त्या पठारावरील ब्यूफर्ट वेस्ट या लहानशा गावी ८ नोव्हेंबर १९२२ रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांचा जन्म झाला. त्यांचे वडील ॲडम बर्नार्ड हे धर्मोपदेशक होते. त्या देशात तेव्हा गोऱ्या व अन्य वर्णांच्या लोकांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात येई. ॲडम बर्नार्ड स्वतः गोरे असूनही मिश्रवर्णीय गरीब लोकांच्या प्रार्थनामंदिरात उपदेशाचे कार्य करीत. मिळकत बेताची, पण घरातील वळण करारी होते. मनात आणले तर अशक्य असे काहीच नाही, ही शिकवण आईने आपल्या मुलांना लहानपणापासूनच दिली.

या कुटुंबावर एका दुःखाची छाया होती. ख्रिस्तियान यांचा अब्राहम नावाचा भाऊ जन्मतःच हृदयविकाराने पीडित होता. शरीराला शुद्ध रक्त पुरेसे न मिळाल्यामुळे अशा बालकांची कांती निळसर दिसते. त्या काळी या विकारावर काहीच उपाय नव्हता. अब्राहम बालपणीच मरण पावला. पुढे ज्या विद्येने अशी मुले वाचू लागली, त्याच विद्येचा ख्रिस्तियान यांनी ध्यास घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

केप टाऊन येथील विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. काही काळ एका खेड्यात वैद्यकी केल्यावर ते पुन्हा केप टाऊनला आले व संशोधनाकडे वळले. काही अर्भके आतड्यात अडथळा घेऊनच जन्मास येत. शस्त्रक्रिया करून आतड्याची टोके जोडली, तरी त्यांतील बहुतेक दगावत. याचे कारण शोधण्यासाठी बर्नार्ड यांनी कुत्र्यांवर प्रयोग आरंभिले. नऊ महिने गेले आणि त्रेचाळिसाव्या प्रयत्नात यश आले. जन्मापूर्वी आतड्याच्या त्या भागास रक्त कमी पडते, म्हणून हा दोष उत्पन्न होतो, असे त्यांना आढळले. शल्यवैद्य जी टोके जोडीत, तीच मुळी रक्तावाचून निकृष्ट झालेली असत. तेवढा भाग कापून टाकला व निरोगी टोके जोडली, तेव्हा अर्भके वाचू लागली. जोडणारा हात कितीही कुशल असो, जे जोडावयाचे ते सजीव व सुदृढ असले पाहिजे, हा धडा त्यांना येथे मिळाला.

पुढे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी हृदयावरील शस्त्रक्रियांचे शिक्षण घेतले. १९५८ साली ते मायदेशी परतले, तेव्हा तेथून मिळालेले हृदय-फुप्फुस यंत्र त्यांच्या उपयोगी पडले. शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाचे व फुप्फुसांचे काम हे यंत्र करते. त्याच्या साहाय्याने बर्नार्ड यांनी केप टाऊनच्या मुलांच्या रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या अनेक बालकांवर शस्त्रक्रिया केल्या.

परंतु काही हृदये इतकी निकामी झालेली असत की ती दुरुस्त होणे शक्य नव्हते. अशा रोग्यास दुसऱ्याचे हृदय बसविता येईल काय? या शस्त्रक्रियेची पद्धती अमेरिकेतील डॉ. नॉर्मन शमवे व डॉ. रिचर्ड लोअर यांनी अनेक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग करून सिद्ध केली होती. बर्नार्ड यांनी ती आत्मसात केली.

केप टाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात लुई वॉशकान्स्की नावाचे किराणा मालाचे व्यापारी हृदयविकाराने मृत्युपंथास लागले होते. २ डिसेंबर १९६७ रोजी दुपारी शहरातील एका रस्त्यावर मोटारीचा अपघात झाला. त्यात एक माता जागीच गतप्राण झाली व तिची पंचवीस वर्षांची कन्या डेनिस डार्व्हॉल हिच्या मेंदूस जबर इजा झाली. ती वाचणार नाही, हे वैद्यांनी ओळखले. एकाच दिवशी पत्नी व कन्या गमावणाऱ्या त्या पित्यापुढे, एडवर्ड डार्व्हॉल यांच्यापुढे, जाऊन मुलीचे हृदय मागणे किती अवघड होते! पित्याला मुलीचा उदार स्वभाव आठवला. पहिल्या कमाईतून तिने आपल्यासाठी घेतलेला झगा आठवला. अवघ्या काही मिनिटांत त्यांनी संमती दिली.

३ डिसेंबरच्या पहाटे शेजारशेजारच्या दोन दालनांत शस्त्रक्रिया चालू झाल्या. डेनिसचे हृदय यंत्राच्या साहाय्याने थंड करण्यात आले. थंड हृदयास प्राणवायू कमी लागतो व ते अधिक काळ सुरक्षित राहते. काही पावलांच्या अंतरावर ते नेण्यात आले, वॉशकान्स्की यांच्या छातीत बसविण्यात आले आणि विजेचा सौम्य धक्का देताच ते धडधडू लागले! मानवाचे हृदय मानवास बसविण्याची जगातील ही पहिलीच शस्त्रक्रिया होय. त्याच रात्री डेनिसचे एक मूत्रपिंड दहा वर्षांच्या एका मिश्रवर्णीय मुलास देण्यात आले.

अठराव्या दिवशी वॉशकान्स्की फुप्फुसाच्या विकाराने निवर्तले. परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून त्यांना जी औषधे दिली जात, त्यांनी रोगाशी झुंजण्याची त्यांची शक्तीच हिरावून घेतली होती. नवे हृदय मात्र अखेरपर्यंत चांगले चालले. २ जानेवारी १९६८ रोजी बर्नार्ड यांनी फिलिप ब्लायबर्ग या गोऱ्या दंतवैद्यास क्लाइव्ह हॉप्ट या मिश्रवर्णीय तरुणाचे हृदय बसविले. ब्लायबर्ग एकोणीस महिने जगले. ज्या देशात या दोघांना एका बाकावर शेजारी बसण्याची मुभा नव्हती, तेथे एकाचे हृदय दुसऱ्यास जीवन देत होते.

अमेरिकेत डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी ६ डिसेंबर १९६७ रोजीच एका तान्ह्या बालकास दुसऱ्या अर्भकाचे हृदय बसविले. ते बालक काही तासच जगले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही फेब्रुवारी १९६८ मध्ये हा प्रयत्न केला. त्यांचा रोगीही वाचला नाही. त्या एका वर्षात जगभर अशा सुमारे शंभर शस्त्रक्रिया झाल्या. बहुतेक रोगी लवकरच मरण पावले व पुष्कळ शल्यवैद्यांनी हे काम सोडून दिले. बर्नार्ड यांनी ते सोडले नाही. त्यांनी १९७१ साली शस्त्रक्रिया केलेला एक रोगी तेवीस वर्षे जगला.

दात्याचे हृदय उत्तम स्थितीत कसे टिकवावे, याकडेही त्यांच्या पथकाने लक्ष दिले. थंड द्रव खेळता ठेवून हृदय दूरवर नेता येईल, असे एक सुटसुटीत यंत्र त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. याच सुमारास सायक्लोस्पोरीन हे नवे औषध प्रचारात आले आणि हृदयारोपणानंतर माणसे अधिक काळ जगू लागली.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. लहान छातीत मोठ्या माणसाचे हृदय मावत नाही, आणि लहान हृदये क्वचितच मिळतात. बर्फात ठेवलेले हृदय साधारणतः चार तासांच्या आत बसवावे लागते. ते निरोगी आहे काय, मृत्यूपूर्वी त्यावर फार ताण पडला होता काय, हे सारे पाहावे लागते. दुबळे हृदय स्वीकारले, तर बालकाच्या जिवास धोका. ते नाकारून दुसऱ्याची वाट पाहिली, तर त्या प्रतीक्षेतच बालक दगावण्याचे भय! अशा वेळी वैद्याच्या ज्ञानाची व विवेकाची खरी कसोटी लागते. आज मात्र हृदयारोपणानंतर वीस-वीस वर्षे जगणारी मुले आहेत. बालकाबरोबर त्याचे नवे हृदयही वाढते.

बर्नार्ड यांना अमाप कीर्ती लाभली. त्या कीर्तीचा त्यांना मोह पडला, अशी टीकाही त्यांच्यावर झाली. संधिवाताने बोटे आखडल्यामुळे १९८३ साली ते निवृत्त झाले. २ सप्टेंबर २००१ रोजी सायप्रस बेटावर त्यांचे निधन झाले.

त्या पहाटे बर्नार्ड यांच्या हातांचे कौशल्य सर्व जगाने वाखाणले. पण ते हृदय दिले होते एका शोकाकुल पित्याने. त्या पित्याचे औदार्य नसते, तर बर्नार्ड यांचे सारे कौशल्य रिकाम्या हाताने उभे राहिले असते.